घरून थेट अकोला

१

पिशवीची चेन उघडली आणि किसनराव खोडक्यांचा हात तसाच हवेत राहिला.

आत नत्थुजी बोंड्यांची फाईल असायला हवी होती. होता तो रद्दीचा गठ्ठा. जुने कोरे फॉर्म, कडा उंदरांनी कुरतडलेल्या, सुतळीनं आवळून बांधलेले, वजनाला बरोबर फाईलीइतके. ज्यानं कुणी हे केलं त्यानं घाईत हाताला लागेल ते कोंबलं नव्हतं, हातात तोलून बघून भरलं होतं.

किसनराव हे अमरावतीतले नावाजलेले सीए. मुख्य ऑफिस राजापेठेत आणि ही दोन खोल्यांची शाखा अकोल्याच्या जठारपेठेत. प्राप्तिकर खात्याची नत्थुजींना नोटीस आली होती आणि उत्तराची मुदत आज संपत होती. उत्तर जायचं ऑनलाइनच, पण त्याला मूळ पावत्या स्कॅन करून जोडायच्या होत्या. मूळ पावत्या त्या फाईलीत, आणि फाईल गडप.

"कुठं आहे?" किसनरावांनी विचारलं.

टेबलापलीकडं अफसाना उभी होती. सीए होण्यासाठी त्यांच्याकडं आर्टिकलशिप, म्हणजे उमेदवारी, करणारी बडनेऱ्याची मुलगी. पिशवी तिनंच अमरावतीहून आणली होती, एसटीत मांडीवर घेऊन.

"सर, काल तुमच्यासमोर भरली, कपाटात ठेवली. आज जशी होती तशी उचलली. उघडली नाही मी. आणि सर, काल मी एक शंका..."

"शंका गेली चुलीत! पर्स उघड."

"सर?"

"पर्स!"

खोलीत सगळेच होते. डाळ मिलचे मालक नत्थुजी, त्यांचा पुतण्या आणि मिलचा हिशेबनीस बंडू, किसनरावांचा उजवा हात म्हणवणारा किशोर धोटे. कोपऱ्यातल्या खुर्चीत किसनरावांच्या पत्नी रागिणीबाई बसल्या होत्या. त्यांचा या भानगडीशी काही संबंध नव्हता. त्या आल्या होत्या गल्लीपलीकडं राहणाऱ्या बहिणीला भेटायला.

अफसानानं पर्स टेबलावर उलटी केली. कंगवा, बसचा पास, डबा, औषधाची पट्टी. एवढ्याशा पर्समध्ये ती जाडजूड फाईल मावणार नव्हती हे आंधळ्यालाही कळलं असतं. पण किसनरावांचा राग एकदा चढला की त्यांना कुणी काही समजावू शकत नसे, बायकोसुद्धा नाही.

"संध्याकाळपर्यंत फाईल आली नाही, तर पोलीस आणि सीए इन्स्टिट्यूटला पत्र. तुझी आर्टिकलशिप इथंच संपली. पुन्हा कुठं उभं करतात का बघ."

अफसाना रडली नाही. एकेक वस्तू पर्समध्ये परत भरू लागली. रागिणीबाई ते बघत होत्या. त्या पोरीला किसनरावांच्या ऑफिसात लावताना त्यांनीच शब्द टाकला होता. बॅटऱ्या दुरुस्त करणाऱ्या तिच्या बापाला त्यांनीच सांगितलं होतं, आमच्या घरची पोरगी होऊन राहील म्हणून.

त्या उठल्या. बहिणीकडं जायचं राहिलं. गठ्ठ्यावरचा एक फॉर्म त्यांनी उचलला, नाकाशी नेला आणि म्हणाल्या, "अहो, ही रद्दी आपल्या अमरावतीच्या ऑफिसची हाय. मागच्या खोलीतली, तोच ओलीचा वास. म्हणजे फाईल रस्त्यात गेलीच नाई. गेली ती अमरावतीच्या ऑफिसातून, आणि आतलं सगळं ठाऊक असलेल्या, या खोलीतल्याच कोणाच्या तरी हातून."

२

रागिणीबाईंची सगळी नोकरी बँकेच्या दक्षता विभागात गेली होती. शाखेत घोटाळा झाला की त्यांना पाठवत. त्या कागदांपेक्षा माणसांकडं जास्त बघत. खोटं बोलणारा तोंड सांभाळतो, बाकीचं अंग सांभाळायला विसरतो, असं त्यांचं मत होतं, आणि या मतापायी नवऱ्याला घरात एकही खोटं पचवता आलं नव्हतं.

"काल कुलूप कोणी लावलं?" त्यांनी विचारलं.

"मी. सगळे गेल्यावर," किसनराव म्हणाले. "फाईल तेव्हा होती. बंद करताना मी कपाट पाहिलं."

"म्हणजे झालं ते आज सकाळी. आज सकाळी ऑफिसला कोण कोण टेकलं?"

हे 'टेकणं' काय ते सांगायला हवं, कारण जगात दुसऱ्या कुठल्या ऑफिसात ते नसेल. किसनरावांचा नियम होता: घरून निघून थेट अकोल्याला गेलात, तर ते तुमचं रोजचं कामावर जाणं. त्याचं पेट्रोल तुमचं, पार्किंग तुमचं. आधी अमरावतीच्या ऑफिसात आलात आणि तिथून अकोल्याला निघालात, तर तो कामातला प्रवास. त्याचा खर्च ऑफिस देईल. मात्र पावतीमागं तिथल्या तिथं लिहायचं, कुठून कुठं आणि कोणाच्या कामाला. न लिहिलेली पावती केराच्या टोपलीत. त्यामुळं बडनेऱ्याची अफसाना, जिच्या दारावरून अकोल्याची बस जाते, ती आधी उलटी अमरावतीला येई, ऑफिसला टेके आणि पुन्हा स्वतःच्याच घरावरून अकोल्याला जाई. किशोरचं घर साईनगरला, तेही अकोल्याच्याच वाटेवर. तोही टेके. खुद्द किसनराव टेकत. लोक हसत, पण खर्च मिळत होता.

"नोटीस बी याच्यावरच हाय न," नत्थुजी मध्येच उसळले. त्यांना आपलं दुःख सांगायला कुठलंही निमित्त पुरे. "मी राह्यतो अमरावतीले, मिल अकोल्याले. रोज गाडीनं येतो. साहेब म्हन्ते हा खर्च धंद्याचा नाई. मंग मी मिलमंदी कशाले येतो जी? सिनेमा पाह्याले? धंद्यासाठीच येतो न!"

"नत्थुजी, शंभरदा सांगितलं," किसनराव म्हणाले. "राहायचं कुठं हे तुम्ही ठरवलं. म्हणून घरापासून कामापर्यंतचं येणं-जाणं तुमचं खासगी. तुमच्या एका कामाच्या जागेवरून दुसऱ्या जागेवर गेलात, तर ते धंद्याचं. तुम्ही रोज आधी अमरावतीच्या गोदामात जाता आणि मग मिलमध्ये, असं आपण दाखवलंय. गोदामाजवळच्या बाजारातल्या पार्किंगच्या पावत्या त्याच्यासाठीच जोडायच्या होत्या."

नत्थुजींनी खाली पाहिलं. रागिणीबाईंनी ते टिपलं आणि तूर्त मनात ठेवलं.

"मी टेकले," अफसाना म्हणाली. "कुलूप मीच उघडलं. पिशवी घेतली, पुन्हा कुलूप लावलं आणि बस पकडली."

"त्यानंतर आम्ही दोघं टेकलो," रागिणीबाई म्हणाल्या. "किशोर, तू?"

"नाही मॅडम." किशोरनं हळहळून मान हलवली. "आज उठायलाच उशीर झाला. घरून थेट अकोला. जाऊ द्या म्हटलं, आजचा खर्च आपल्या खिशातून."

"आनि बंडू, तू?"

"म्या कायले टेकू तुमच्या हापिसले?" बंडू पटकन म्हणाला. "मी सकाळी तिवश्याहून निंघालो, काकाले घरून घेतलं आनि सीधा इकडं."

"चाव्या कोणाकोणाकडं आहेत?"

"तिघांकडं," किसनराव म्हणाले. "मी, किशोर आणि ही."

'ही' म्हणताना त्यांनी अफसानाकडं बघितलंही नाही. किशोर खिडकीशी जाऊन उभा राहिला. बंडूनं खिशातून रुमाल काढून मान पुसली, आणि त्या रुमालाबरोबर कागदाचा एक तेलकट चुरगळा फरशीवर पडला.

रागिणीबाईंनी तो उचलला. त्याला गिला वड्याचा, अमरावतीच्या त्या दह्यातल्या वड्याचा, वास होता. त्या कागदावरचं नाव त्यांनी रोज पाहिलेलं होतं. ती वड्याची गाडी अमरावतीच्या ऑफिससमोरच लागते, आणि फक्त सकाळीच.

३

बंडूला घेऊन त्या खाली गल्लीत आल्या. गल्लीत मोठा कडुनिंब होता आणि त्याखाली फुकटात गाड्या लावायची जागा. आज तिथं मिलची जीप तेवढी उभी होती. तिच्या टपावर पिकल्या निंबोळ्यांचा आणि पाखरांच्या घाणीचा असा काही सडा पडला होता की मूळ रंग ओळखू येईना.

"बंडू, मले खोटं आवडत नाई. तू सकाळी आमच्या ऑफिससमोर होता."

बंडूनं इकडंतिकडं पाहिलं. काका वर आहेत याची खात्री करून घेतली.

"काकू, पाया पडतो, काकाले नोका सांगू."

"काय नको सांगू? फाईल नेली ते?"

"फाईल कायची जी! मले नागपूरले नोकरी भेटली. पगार चांगला हाये. काकाले समजलं तं मिलमंदी उभा राहू नाई देणार. मी साहेबाले गुपचूप इचाराले आलतो."

"काय विचारायला?"

बंडू ओशाळला. "हेच, की मी रोज तिवश्याहून गाडीनं नागपूरले जाईन. पेट्रोल लागते, पार्किंग लागते. ते माह्या पगारातून कापून भेटते का? टॅक्समंदी?"

एवढ्या तणावातही रागिणीबाईंना हसू आलं. "नाई भेटत. पगारदाराले सरकार एक ठोक रक्कम वजा करून देते. त्याच्यात तुह्यं पेट्रोलबी आलं, पार्किंगबी आलं. पावत्या जमवून काई उपयोग नाई. एवढ्यासाठी तू खोटं बोलला?"

"तुमी चिडले होते न सारे."

"बरं. ऑफिससमोर काय पाह्यलं, ते सांग. नीट आठवून."

बंडू आठवू लागला. "मी आलो तवा शटर अर्धं वर होतं. मले वाटलं अफसानाताई आली. म्हटलं आधी वडा खाऊ. खाऊन येतो तं शटर खाली, कुलूप लागेल. मंग थोडा वेळ थांबलो. अन् मंग अफसानाताई आली."

"ऑटोतून उतरली?"

"हो जी. कुलूप तिनं माह्यासमोर उघडलं. मले काई सुधरलं नाई. म्हटलं आतमंदी आधी कोन होतं मंग? पन तिले इचाराची हिंमत नाई झाली, काकाचा फोन आला अन् मी निंघालो."

एक निंबोळी रागिणीबाईंच्या खांद्यावर पडली, ती त्यांनी झटकली नाही.

बंडू खरं बोलत असेल, तर अफसानाच्या आधी कुणीतरी ऑफिसात जाऊन आलं होतं. शटर फोडून नव्हे, चावीनं उघडून. चावीवाल्यांपैकी अफसाना उतरली ऑटोतून. किशोर घरून थेट अकोल्याला. उरली एकच चावी.

आणि आज सकाळी उजाडताच किसनराव फिरायला म्हणून घराबाहेर पडले होते.

४

"सकाळी फिरायला कुठं गेले होते?"

किसनराव आतल्या खोलीत एकटेच बसले होते. त्यांना प्रश्नच कळला नाही. मग कळला आणि चेहरा तांबडाबुंद झाला.

"रागिणी, तू मला विचारतेस?"

"सगळ्यांना विचारतेय. तुम्हालाच वगळू का?"

"छत्री तलावापर्यंत. रोज जातो तसा. माझीच फाईल मी पळवू? माझं नाव त्या उत्तराखाली जाणार आहे!"

"म्हणूनच विचारलं. त्या फाईलीत असं काही असेल, की ज्यानं तुमचं नाव खराब होईल..."

ते उठून उभे राहिले. हात छातीशी गेला. कपाळावर घाम आला.

"गोळी," ते म्हणाले. "गाडीत राहिली."

रागिणीबाई धावतच खाली उतरल्या. नवऱ्याला असा प्रश्न विचारल्याची शरम वाटत होती आणि तो विचारावा लागला याचा राग येत होता. पण उत्तरावर त्यांचा विश्वास बसला होता. इतक्या वर्षांच्या संसारात एवढं तर कळतंच.

त्यांची गाडी कोपऱ्यावरच्या पैशाच्या पार्किंगमध्ये होती. टिनाचं शेड, एकच फाटक, फाटकाला साखळी. खुर्चीवर पावत्या फाडणारा अब्दुल सत्तार बसलेला. अकोल्याला आलं की दोन शब्द त्याच्याशी बोलल्याशिवाय रागिणीबाई पुढं जात नसत.

"क्या हुआ भाभी, परेशान दिखते?"

"साहेबांची गोळी घ्यायला आले."

"लेव, लेव. पन जाते टाइम गाडी के साथ पावती दिखानाच पडेगा. मागच्या साली एक गाडी चोरी गेली, तबसे मी कोनाले सोडत नाई. खुद मालक आला तरी नाई."

रागिणीबाईंनी गोळी काढली आणि गाडीचं दार लावलं. शेजारी एक करडी गाडी उभी होती. स्वच्छ, काचेवर एक डाग नाही.

"ही तर किशोरची."

"हौ, धोटे साहेब की," सत्तार हसला. "क्या कंजूस आदमी है, भाभी! जिस दिन खर्चा हापिस का, उस दिन यहाँ शेड में, और पावती बराबर मांग के लेते. जिस दिन खर्चा खुद का, उस दिन गली में नीम के नीचे. दोपहर को गाडी ऐसी घान होती, के आके मेरे सेच पानी मांगते."

"आज गल्लीत जागा नसेल."

"जागा? आज तो खालीच पडी है. एक जीप है, बस."

रागिणीबाई दोन पावलं गेल्या आणि थबकल्या. मग वळून त्यांनी त्या करड्या गाडीकडं पुन्हा पाहिलं. तिच्यावर एकही निंबोळी नव्हती.

५

नवऱ्याला गोळी देऊन त्यांनी अफसानाला बाजूला घेतलं. जिन्याच्या पायरीवर दोघी बसल्या.

"तू सकाळी एक शंका म्हणत होती. काय ती?"

अफसानाचा आवाज कोरडा होता. "आता कोण ऐकतंय, काकू."

"मी ऐकतेय."

"त्या पार्किंगच्या पावत्या. वर्षभराच्या म्हणून लावल्यात, पण कागद सगळा कोरा करकरीत. एकही घडी पडलेली नाही. आणि नंबर ओळीनं. उन्हाळ्यातल्या पावतीच्या पुढचा नंबर दिवाळीच्या पावतीवर. मधल्या महिन्यांत त्या पार्किंगात दुसरी एक पण गाडी लागली नसेल का?"

"कुणाला विचारलंस?"

"किशोर सरांना. तेच ही केस बघतात. ते म्हणाले, उद्या बघू, मोठ्या सरांना सांगू नको, त्यांचं बीपी वाढतं."

रागिणीबाईंनी तिचा हात हातात घेतला. "चल वर. तू बोलू नको. मी बोलते."

वरच्या खोलीत किसनराव खुर्चीत रेलून बसले होते. नत्थुजी पंख्याखाली, बंडू दाराशी. किशोर मोबाईलवर कुणाला तरी सांगत होता की फाईल गहाळ झाल्याची तक्रार कशी द्यावी लागेल. रागिणीबाईंनी आधी नत्थुजींना गाठलं.

"नत्थुजी, खरं सांगा. अमरावतीच्या गोदामात तुमी रोज जाता?"

नत्थुजी चुळबुळले. "ते गोदाम तं कवाचं भाड्यानं देलं, बाई. मले काय समजते त्यातलं? किशोरभाऊनं सांगतलं असं असं दाखवू, पावत्या मी पाह्यतो. म्या सही केली."

किसनराव ताठ झाले. "भाड्यानं दिलं? किशोर, हे तुला ठाऊक होतं?"

"सर, क्लायंट आता अंग काढून घेतायत," किशोर शांतपणे म्हणाला. "मला जे सांगितलं ते मी लिहिलं. आणि आत्ता प्रश्न फाईल कोणी नेली हा आहे ना? ती शेवटी कोणाच्या हातात होती, हे सगळ्यांनी पाहिलंय."

"बरोबर," रागिणीबाई म्हणाल्या. "म्हणून एकच विचारते. तू आज ऑफिसला टेकला नाही?"

"नाही, मॅडम. सांगितलं की. घरून थेट."

"म्हणजे आजचा खर्च तुझा."

"हो."

"गाडी कुठं लावली?"

डोळ्याचं पातं लवावं एवढाच वेळ तो थांबला. "खाली. शेडमध्ये. ऊन फार होतं."

"पैसे स्वतःचे भरले? पावती घेतली?"

"पावती कशाला घेऊ? कोणाला दाखवायची आहे? घेतलीच नाही." तो हसला आणि घड्याळाकडं पाहिलं. "सर, असे प्रश्न-उत्तरं खेळत बसलो तर मुदत निघून जाईल. मी पोलीस स्टेशनला जाऊन तक्रार देऊन येतो. निदान तक्रारीची प्रत तरी उत्तराला जोडता येईल."

किसनरावांनी मान हलवली. त्यांना ते पटलं. अफसानानं रागिणीबाईंकडं घाबरून पाहिलं.

रागिणीबाई दारातून बाजूला झाल्या.

"जा," त्या म्हणाल्या. "अडवलं कोणी?"

किशोर पायऱ्या उतरून गेला. त्याची पावलं वाजेनाशी झाल्यावर त्या नवऱ्याकडं वळल्या. "उठा. चालवत असेल तर माझ्यासोबत या. नसेल चालवत, तर मी बंडूला घेऊन जाते. पण आत्ता."

६

ते सगळे फाटकाकडं येत होते तेव्हा करडी गाडी चालू होती आणि साखळी लागलेली होती. सत्तार साखळीला हात लावायला तयार नव्हता.

"पावती दिखाव, साहेब."

"अरे, तू ओळखतोस मला!"

"पहचानता हूँ. पन पावती."

"हरवली! डबल पैसे घे."

"हरवली तो मालक को फोन लगाव. वो आएंगे, देखेंगे, फिर छोडूंगा. मेरी नोकरी का सवाल है."

किशोरनं काचेतून पाहिलं. फाटकाबाहेरून किसनराव, रागिणीबाई, बंडू, अफसाना येत होते, सर्वांत मागं धापा टाकत नत्थुजी. त्यानं झटकन शर्टाच्या खिशात हात घातला आणि एक कागद सत्तारच्या पुढ्यात धरला. सत्तारनं तो बघून मान डोलावली आणि साखळीकडं वळला.

"सत्तारभाई, ती पावती मला द्या," रागिणीबाई म्हणाल्या.

त्यांनी ती उलटी केली आणि न वाचताच नवऱ्याच्या हातात ठेवली.

किसनरावांनी वाचलं. मागं किशोरच्या रेखीव अक्षरात लिहिलं होतं: अमरावती ऑफिस ते अकोला, बोंडे यांचे काम.

"घरून थेट आलास ना?" त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू आला नसता.

"सवयीनं लिहिलं, सर. रोज लिहितो तसं."

"नाई बाप्पा," रागिणीबाई म्हणाल्या. "सवयच असती तर गाडी गल्लीत राहिली असती. ज्या दिवशी खर्च तुझा, त्या दिवशी तू पाखरांची घाण सोसतोस, पण शेडचे पैसे देत नाहीस. हे सत्तारभाईंना ठाऊक आहे, आख्ख्या ऑफिसला ठाऊक आहे. तू आज सकाळी अफसानाच्या आधी ऑफिसला टेकलास, फाईल काढलीस, रद्दी भरलीस आणि कुलूप लावून निघालास. टेकलास म्हणजे खर्च ऑफिसचा, म्हणून हात आपोआप शेडकडं वळला, पावती घेतली, मागं लिहूनही ठेवलं. टेकलो नाही असं म्हणायचं, हे तुला वर आल्यावर सुचलं. तोवर गाडी लागून गेली होती."

किशोरनं गाडी बंद केली नाही. त्याचा पाय कुठल्याही क्षणी दाबला जाईल असं वाटत होतं. बंडू न सांगता फाटकात जाऊन उभा राहिला. सत्तारनं काढलेली साखळी पुन्हा अडकवली.

"डिकी उघड," किसनराव म्हणाले.

"सर, ही माझी खासगी गाडी आहे."

"पोलिसांकडं निघालाच होतास. त्यांनाच इथं बोलावतो, त्यांच्यासमोर उघड."

मग त्यानं गाडी बंद केली. फाईल डिकीत होती, जास्तीच्या टायरखाली, पोत्यात गुंडाळलेली. रागिणीबाईंनी त्यातली एक पावती सत्तारला दाखवली. त्यानं बघताक्षणी ओठ वाकडा केला. "ये असली नई. असली पावती पे ठेकेदार का शिक्का रहता. किसी ने छपवाई है."

पावत्यांचं पुस्तक किशोरनं छापून घेतलं होतं. मूळ पावत्या खात्यासमोर गेल्या की नंबर बघून कुणालाही संशय आला असता, आणि पहिला संशय आला तो ऑफिसातल्याच एका मुलीला. म्हणून फाईल गेली आणि सोबत मुलगीही जायला हवी होती. किशोरनं हे सगळं खाली मान घालून कबूल केलं. त्याला अजून वाटत होतं की साहेब घरातली गोष्ट घरात ठेवतील.

"पन तिच्याच माथी कावून मारलं?" रागिणीबाईंनी विचारलं. "नुसती फाईल हरवली असती तरी तुझं काम झालं असतं."

"हरवली असती तर शोधाशोध झाली असती," किशोर म्हणाला. "तिच्या हातून गेली म्हटलं की कुणी शोधणार नव्हतं. सर एक प्रश्नसुद्धा विचारणार नाहीत, हे मला माहीत होतं."

किसनराव पावती हातात धरून उभे होते. हा घाव कुणावर बसला ते रागिणीबाईंना कळलं, आणि नवऱ्याची दया येण्याऐवजी त्यांना प्रथमच त्याची लाज वाटली.

उरलेलं काम अफसानानंच केलं. खोट्या पावत्या उत्तरातून वगळल्या, प्रवासाचा दावा मागं घेतला, कर आणि व्याज भरण्याची तयारी कळवली. किशोरचं काय करायचं ते किसनरावांनी तिथल्या तिथं ठरवलं: आधी पोलीस, मग इन्स्टिट्यूट. नत्थुजी कुरकुरत सही करून गेले. "भरू कर, बाप्पा. पन घरून मिलमंदी जानं धंद्याचं नाई, हे मले अजून पटून नाई राह्यलं."

उत्तर वेळेत गेलं. पोचही आली. उन्हं कलली होती. अफसानानं संगणक बंद केला आणि एक टाईप केलेला कागद किसनरावांसमोर ठेवला.

"सर, अजून एक सही पाहिजे."

तो दुसऱ्या सीएकडं बदली मागण्याचा अर्ज होता.

"अफसाना," किसनराव म्हणाले. त्यांना शब्द जुळवावे लागत होते. "माझी चूक झाली. मोठी चूक. मी सगळ्यांसमोर माफी मागतो. उद्या अमरावतीच्या ऑफिसात सगळ्यांना बोलावून मागतो. तू जाऊ नको. ही केस तू वाचवलीस."

"तुम्ही मागाल, सर, ते मले माहीत आहे. तुम्ही वाईट नाही." तिनं कागद पुढं सरकवला. "पण तुमच्यासमोर रोज बसून मी काम कसं करू? एखादी फाईल सापडली नाही, की मले आधी तुमच्या तोंडाकडं पाहावं लागेल."

किसनरावांनी बायकोकडं पाहिलं. तिनं समजावावं, शब्द टाकावा, पूर्वी टाकला होता तसा. रागिणीबाईंना ती मुलगी हवी होती. दिवसभर त्या तिच्याचसाठी धावल्या होत्या, आणि जिंकल्यावर ती राहील असं त्यांनी मनाशी धरून ठेवलं होतं. डोळे भरून आले. त्यांनी ते पुसले नाहीत.

"सही करा," त्या म्हणाल्या.

"रागिणी..."

"करा. आणि खाली लिहा, काम उत्तम, चारित्र्य उत्तम. आपल्या हातानं लिहा, टाईप नको."

किसनरावांनी लिहिलं. कागद परत देताना त्यांनी विचारलं, "कुणाकडं जाशील?"

"अजून ठरलं नाही," अफसाना कागदाची घडी घालत म्हणाली. "पण जाण्याआधी मीच दोन प्रश्न विचारून घेईन."

ती गेल्यावर किसनराव खुर्चीतून उठले. मग त्यांनी गाडीची किल्ली बायकोच्या हातात दिली आणि म्हणाले, आज तूच चालव.